हीटर कधी लावावा? खानदेशातल्या घरांसाठी एक रीत

खानदेशात घर तापवण्याचा विचार सहसा उशिरा सुचतो, कारण जळगाव, भुसावळ, धुळे येथील घरे बांधताना सगळे लक्ष ४५ अंशांच्या उन्हाळ्याकडे असते. उंचावरचे झरोके, उत्तरेकडच्या मोठ्या खिडक्या, गच्चीवरचा पांढरा चुना आणि खिडकीत कायमचा बसवलेला कूलर या गोष्टी वैशाखात घर वाचवतात; मार्गशीर्ष-पौषात मात्र त्याच गोष्टींमुळे घरातली ऊब पहाटेपर्यंत टिकत नाही. म्हणून हीटर कधी लावायचा हे ठरवण्यापूर्वी आपले घर रात्रभरात किती गार पडते, हे मोजून पाहावे. माझ्या मते या एका मोजणीशिवाय घेतलेला निर्णय एकतर वीज वाया घालवतो किंवा घरातल्या सर्वांत अशक्त माणसाला थंडीत ठेवतो.

पुष्कळ जण वर्तमानपत्रातला किमान तापमानाचा आकडा पाहून हीटर काढतात. तो आकडा खोटा नसतो, परंतु तो उघड्यावरच्या हवामान केंद्रातला असतो. धुळ्याचा बहुचर्चित नीचांक कृषी महाविद्यालयाच्या केंद्रात नोंदला जातो, आपल्या माजघरात नाही. शिवाय छापून आलेला आकडा आदल्या दिवशीच्या पहाटेचा असतो. हवामान विभागाची थंडीच्या लाटेची व्याख्या, म्हणजे मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली असणे आणि ते सरासरीपेक्षा निदान ४.५ अंशांनी घसरलेले असणे, ही प्रदेशासाठी केलेली आहे. लाट जाहीर झालेली नसतानाही पत्र्याच्या घरातल्या आजीला हिव भरू शकते, आणि लाट आलेली असतानाही मधल्या मजल्यावरच्या बंदिस्त फ्लॅटमध्ये एका गोधडीवर भागू शकते.

मोजणी अशी करावी. एक साधा डिजिटल तापमापक घ्यावा आणि ज्या खोलीत घरातले सर्वांत वयस्कर किंवा सर्वांत लहान माणूस झोपते, तेथे आतल्या भिंतीला, पलंगाच्या उंचीवर ठेवावा. खिडकीजवळ, बाहेरच्या भिंतीला किंवा फ्रिजजवळ ठेवू नये. दिवाळी झाली की रोज दोन नोंदी कराव्यात: एक रात्री झोपताना आणि दुसरी सूर्योदयाच्या सुमारास, कारण दिवसातले सर्वांत कमी तापमान तेव्हाच असते. त्याच पहाटेचे बाहेरचे किमान तापमान शेजारी लिहावे. आठ-दहा दिवसांत आपल्या घराचा स्वभाव वहीत उतरतो. समजा, बाहेर १२ अंश असताना खोलीत १९ अंश राहत असतील, तर फरक ७ अंशांचा झाला. म्हणजे उद्या ८ अंशांचा अंदाज असेल तेव्हा खोली १५-१६ अंशांपर्यंत उतरेल असे धरून चालता येते.

हा फरक घरागणिक बदलतो. जाड मातीच्या भिंतींचे धाब्याचे घर दिवसाची ऊब धरून ठेवते आणि हळूहळू सोडते. सिमेंटचा स्लॅब निरभ्र आकाशाखाली रात्रभर उष्णता बाहेर टाकत राहतो, त्यामुळे सर्वांत वरचा मजला अधिक गार पडतो. पत्रा तर हवेपेक्षाही थंड होतो. पहाटे त्यावर दव साचलेले दिसते ते यामुळेच. भिंती जाड असतील तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: थंडीची लाट आली त्या रात्री घर फारसे गार होत नाही, कारण भिंतींत आधीची ऊब शिल्लक असते. खरा गारठा दुसऱ्या-तिसऱ्या रात्री आत येतो, आणि पहिल्या रात्री काही वाटले नाही म्हणून निर्धास्त राहिलेली माणसे या पुढच्या रात्रींत आजारी पडतात.

किती अंशांना हीटर लावावा, याला एक आधार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली घरांविषयीच्या मार्गदर्शक सूचनांत थंड व समशीतोष्ण देशांसाठी घरातले तापमान निदान १८ अंश असावे असे सुचवले आणि वृद्ध, लहान मुले व आजारी माणसांना त्याहून थोडे अधिक लागू शकते असे म्हटले. आपला प्रदेश त्या वर्गात बसत नाही, आणि येथे डिसेंबरातही दुपारी ऊन चांगले तापते. तरी पहाटेच्या चार-पाच तासांसाठी हा आकडा मला उपयोगी वाटतो. घरात वृद्ध, तान्हे बाळ, दम्याचा किंवा हृदयविकाराचा रुग्ण असेल आणि पहाटेची नोंद १८ च्या खाली गेली, तर त्याच रात्रीपासून हीटर लावावा, कारण थंडीत रक्तवाहिन्या आकसतात व रक्तदाब वाढतो. नवजात बाळाच्या खोलीला याहून अधिक ऊब लागते. तो आकडा बाळाच्या डॉक्टरांकडूनच घ्यावा. घरात सगळी धडधाकट माणसे असतील तर १५-१६ अंशांपर्यंत गोधडी, कानटोपी आणि पायमोजे पुरतात. सलग तीन पहाटे नोंद त्याखाली राहिली तरच हीटरकडे वळावे.

परंतु हीटर लावण्यापूर्वी कूलरकडे पाहावे. आपल्याकडे बहुतेक घरांत कूलर खिडकीत पक्का बसवलेला असतो आणि फाल्गुनात लागेल म्हणून तो वर्षभर तसाच राहतो. वाळ्याच्या किंवा गवताच्या जाळ्यांतून आणि पंख्याच्या भोकातून उत्तरेचे वारे सरळ खोलीत येते. ही वाट उघडी ठेवून हीटर लावणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे होय. कूलर काढता येत नसेल तर त्याची टाकी कोरडी करावी, आतल्या बाजूने प्लायवूडचा तुकडा किंवा जाड पुठ्ठा घट्ट बसवावा आणि बाहेरून ताडपत्री बांधावी. धुळ्यातल्या आमच्या घरी वडिलांच्या खोलीत एवढेच केल्यावर पहाटेची नोंद दोन अंशांनी वर राहिली आणि त्या वर्षी हीटर जवळजवळ तीन आठवडे उशिरा काढावा लागला. दाराखालच्या फटीला जुन्या लुगड्याची गुंडाळी लावावी, आणि दुपारी दक्षिणेकडची खिडकी उघडून ऊन आत घ्यावे. डिसेंबरात आपल्याकडे भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून साधारण ४५ अंशांवरच असतो, त्यामुळे ऊन खोलीत खोलवर येते. सूर्य मावळण्याआधी खिडकी लावून घ्यावी.

आभाळाकडेही लक्ष असावे. ढग आले की रात्र उबदार जाते. ते विरले आणि उत्तरेचे कोरडे वारे सुरू झाले की पुढच्या दोन-तीन रात्री पारा झपाट्याने उतरतो. रावेर-यावलचे केळी बागायतदार हे फार बारकाईने पाहतात, कारण थंडीने केळीची वाढ खुंटते आणि म्हणूनच ते रात्री बागेत शेकोट्या पेटवून धूर करतात. ते या तयारीला लागले की आपणही हीटर माळ्यावरून खाली आणावा.

खाली आणल्यावर तो दिवसा, सगळे जागे असताना, एकदा चालवून पाहावा. आधी आतली धूळ ब्रशने काढावी, वायर कोठे तडकली आहे का ते पाहावे. २००० वॅटचा हीटर साधारण ९ अँपिअर वीज ओढतो, म्हणून तो १६ अँपिअरच्या मोठ्या सॉकेटलाच, अर्थिंग असलेल्या जोडणीवर लावावा. आमच्याकडे एकदा तो ६ अँपिअरच्या सॉकेटला एक्स्टेन्शन बोर्डाने जोडला गेला आणि अर्ध्या तासात बोर्ड वितळून काळा पडला. वडील जागे होते म्हणून पुढचे टळले. गीझर आणि हीटर एकाच वेळी चालवू नयेत. अंथरूण, पडदे आणि वाळत घातलेले कपडे हीटरपासून निदान तीन फूट दूर असावेत.

हीटर रात्रभर चालवण्याची गरज क्वचितच पडते. झोपण्यापूर्वी पाऊण तास आणि पहाटे पाचच्या पुढे पाऊण तास, एवढे बहुधा पुरते. २००० वॅटच्या हीटरचे हे दीड तास म्हणजे दिवसाला ३ युनिट आणि महिन्याला ९० युनिट झाले; महावितरणच्या बिलात १०० युनिटांच्या वर दर चढतो हे लक्षात घेता मोजक्या रात्रीच हीटर लावणे का बरे, ते कळते. आजाऱ्याच्या खोलीत जास्त वेळ ऊब हवी असेल तर आत तेल भरलेला विजेचा हीटर बरा: तो सावकाश तापतो, पण बंद केल्यावरही काही वेळ ऊब देतो. एसी गरम हवाही देणारा असेल तर तो सर्वांत काटकसरीचा, कारण तो बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणतो आणि खर्चलेल्या विजेच्या सुमारे तिप्पट ऊब देऊ शकतो.

घमेल्यात निखारे घेऊन बंद खोलीत झोपणे मात्र कधीही, कोणत्याही थंडीत करू नये. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपलेल्या माणसाला तो कळत नाही आणि जाग येत नाही. शेकोटी अंगणातच असावी. विजेच्या हीटरने हवेतला प्राणवायू संपतो हा समज चुकीचा आहे. हवा तापल्याने ती कोरडी वाटते व घसा सुकतो, एवढेच. तरीही खिडकीची बोटभर फट ठेवावी.

बंद करण्याची वेळही वहीच सांगते. डिसेंबरच्या २२ तारखेच्या सुमारापासूनच दिवस मोठा होऊ लागतो, पण जानेवारीच्या अखेरीसही एखादी लाट येते, म्हणून सलग आठवडाभर पहाटेची नोंद १८ च्या वर राहीपर्यंत हीटर माळ्यावर टाकू नये. मग तो थंड झाल्यावर पुसून, वायर सैल गुंडाळून, कोरड्या जागी ठेवावा आणि त्याच दिवशी कूलरची ताडपत्री सोडावी.