डोक्याला मार लागल्यावर पहिली रात्र कशी काढावी

वसतिगृहाचा अधीक्षक म्हणून माझी सोळा वर्षं झाली. पाचवी ते दहावीची मुलं, लोखंडी दुमजली पलंग, मागे चिंचेचं झाड आणि रोज संध्याकाळी कबड्डी. महिन्याला एखादं तरी डोकं आपटतंच. आणि दर वेळी गोळा झालेल्यांपैकी कुणीतरी ठणकावून सांगतं, ‘त्याला झोपू देऊ नका हं!’ या सल्ल्यावर माझा राग आहे, त्याकडे येतोच. आधी सोपं उरकू.

मुलाला खाली बसवा. मान दुखतेय किंवा हातापायांना मुंग्या येताहेत म्हणाला तर जागचा हलवू नका. टेंगळावर फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं धरा. खोक पडली असेल तर स्वच्छ कापड दाबून धरा आणि दर मिनिटाला उचलून बघू नका. डोक्याची कातडी रक्ताने भरलेली असते, बोटाच्या पेराएवढ्या जखमेनेही सदरा भिजतो, त्याने घाबरू नका. हळद आणि चहापूड स्वयंपाकघरातच राहू द्या; टाके घालणाऱ्याला ती आधी धुऊन काढावी लागते. जखमेखाली हाड खचल्यासारखं वाटलं तर दाबायचं नाही, तडक दवाखाना.

काही मुलांच्या बाबतीत विचार करत बसायचंच नाही. क्षणभर का होईना शुद्ध हरपली, आकडी आली, नाकाकानातून पाण्यासारखा द्रव किंवा रक्त येतंय, बोलणं अडखळतंय, एका बाजूचा हात-पाय लुळा पडलाय, कसं पडलो तेच आठवत नाही, पुन्हापुन्हा तोच प्रश्न विचारतोय: १०८ लावा. आकडी आलेल्याला कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, कुशीवर वळवा. वर्षाच्या आतलं बाळ, पासष्टीच्या पुढचं माणूस, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारा आणि दारू प्यायलेला, यांना काही लक्षण नसलं तरी दाखवून आणायचं. दारूड्याची ग्लानी दारूची की माराची, हे घरच्या घरी कुणालाही कळत नाही.

यातलं काहीच नसेल, मूल बोलतंय, जेवायला मागतंय, तर खरी परीक्षा रात्री असते.

१९९८ साली ढाक्यात भारताचा क्रिकेटपटू रमण लांबा हेल्मेट न घालता फॉरवर्ड शॉर्ट लेगला, म्हणजे फलंदाजाच्या अगदी जवळ, उभा होता. चेंडू डोक्यावर बसला. तो स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर गेला, थोड्या वेळाने शुद्ध हरपली आणि काही दिवसांत तो गेला. अशा मारात कवटीच्या आत रक्तवाहिनी फाटलेली असू शकते. रक्त साचत जातं, कवटी काही फुगत नाही, मग दाब मेंदूवर येतो. तोवर माणूस धडधाकट दिसतो. ‘झोपू देऊ नका’ हा सल्ला याच भीतीतून आलेला असावा. पण झोपेने रक्तस्राव वाढत नाही. झोपेत माणसाची तब्येत बिघडली तर आपल्याला कळत नाही, एवढंच. आणि रात्रभर गालावर पाणी मारून जागवलेलं मूल पहाटे पेंगतं, चिडतं, डोकं दुखतं म्हणतं. तेव्हा ते जागरणाने की माराने, हे डॉक्टरलाही सांगणं अवघड.

म्हणून झोपू द्यायचं, पण मध्ये उठवायचं. इथेच मी एकदा फसलो. सातवीतला मुलगा, वरच्या पलंगावरून पडलेला. रात्री अकराला हलवलं, ‘बरा आहेस ना?’ ‘हं.’ दोनला हलवलं, पुन्हा ‘हं.’ मी समाधानाने झोपलो. पहाटे बघतो तर उशी ओकारीने भरलेली, आणि पोरगा डोळे उघडून परत मिटत होता. तालुक्याच्या गावी नेलं, सीटी स्कॅन झाला, दोन दिवस ठेवून घेतलं आणि सुखरूप परत आला. पण त्या दोन ‘हं’चा अर्थ मी काहीच लावला नव्हता. झोपेत ‘हं’ कुणीही म्हणतं.

तेव्हापासून हो-नाहीचा प्रश्न विचारत नाही. दर दोन-तीन तासांनी उठवून बसवतो. ‘रात्री भाजी कसली होती? तुझ्या खालच्या पलंगावर कोण झोपतं?’ मग त्याला माठापर्यंत चालत पाठवतो, स्वतःच्या हाताने पाणी ओतून प्यायला लावतो. झोकांड्या जातात का, पाणी सांडतं का, हे माठापाशी दिसतं. परतताना टॉर्चचा उजेड एकेका डोळ्यात: दोन्ही बाहुल्या सारख्याच आणि उजेडाने लहान व्हायला हव्यात. वेळ वहीत लिहायची. ही वही डॉक्टरांपुढे ठेवली की ‘साहेब, मघाशी बरा होता हो’ यापेक्षा फार उपयोगी पडते.

काही मुलं एरवीही ढोल वाजवला तरी उठत नाहीत. त्यांना रोज उठवायला किती वेळ लागतो, तेच माप. त्याहून जड गेलं तर सकाळची वाट बघू नका.

ओकारी एकदा झाली तर नीट लक्ष ठेवा, पुन्हा झाली तर निघा. डोकं दुखणं दर तपासणीला वाढत असेल तरी निघा. दुखण्याला पॅरासिटामॉल चालते, वजनाप्रमाणे. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन नको, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. आणि दवाखान्यात पोचल्यावर ‘सीटी काढाच’ म्हणून हटून बसू नका. पुष्कळदा डॉक्टर काही तास डोळ्यांसमोर ठेवून ठरवतात, मुलांना फुकटचे किरण देत नाहीत. त्यांनी काढायचा म्हटला तर मात्र पैशांवरून घासाघीस नको.

रात्र नीट गेली तरी दोन दिवस कबड्डी नाही, मोबाइलही जपून. नंतर आधी चालणं, मग धावणं, आणि डोकं अजिबात दुखत नसेल, डॉक्टरांनी हो म्हटलं असेल, तेव्हाच पकडीचा खेळ. मेंदू सावरायच्या आत दुसरा मार लागणं फार वाईट. मागच्या वर्षी आमचा कर्णधार ‘सर, फायनल आहे’ म्हणून रडला होता. त्याला गुणफलकापाशी बसवला. सामना आम्ही हरलो, आणि तो अजून माझ्याशी धड बोलत नाही.