क्लॅप म्हणजे काय आणि तो कसा द्यावा

चित्रपटाच्या मुहूर्ताला एखाद्या मान्यवराच्या हस्ते क्लॅप देण्याचा, म्हणजे कॅमेऱ्यासमोर पाटी धरून तिच्यावरची पट्टी आपटण्याचा, प्रघात आपल्याकडे इतका रूढ आहे की, ती पाटी म्हणजे केवळ शुभारंभाची खूण आहे असा अनेकांचा समज होतो. प्रत्यक्षात क्लॅप हा बहुधा सेटवर हजर नसलेल्या माणसासाठी, म्हणजे संकलकासाठी, ठेवलेला निरोप असतो, आणि देणाऱ्याने त्याची गरज ओळखूनच तो द्यायला हवा.

कॅमेरा चित्र टिपत असताना संवादांचे ध्वनिमुद्रण सहसा वेगळ्या रेकॉर्डरवर होत असते, त्यामुळे दोन्ही नंतर जुळवण्यासाठी एक सामाईक क्षण लागतो. पाटीवरची पट्टी खाली आदळते ती फ्रेम, म्हणजे त्या क्षणाचे एकच स्थिरचित्र, चित्रात सापडते, आणि त्याच क्षणीचा आवाज ध्वनीच्या आलेखात सुळक्यासारखा उमटतो. ही दोन ठिकाणे एकमेकांवर आणली की शब्द ओठांशी जुळतात. चित्रपट साधारणपणे सेकंदाला २४ फ्रेमच्या वेगाने आणि आपल्याकडील दूरचित्रवाणी २५ फ्रेमच्या वेगाने चालते, म्हणजे एक फ्रेम जेमतेम ४० मिलिसेकंदांची असते. म्हणून पट्टी आदळताना पाटी हलत असेल आणि प्रतिमा पुसट आली, तर नेमकी फ्रेम ठरवणे कठीण जाते.

पाटीवर सीन, शॉट आणि टेक यांचे क्रमांक ठळक लिहावेत. तारीख, कॅमेऱ्यातील मेमरी कार्डाचा क्रमांक आणि दिवस की रात्र ही नोंदही असावी. तोच शॉट पुन्हा घेतल्यास केवळ टेकचा आकडा वाढतो, पण कॅमेऱ्याची जागा बदलून नवी मांडणी केली की शॉटचा क्रमांक बदलून टेक पुन्हा १ पासून सुरू करावा. नवशिक्यांचा गोंधळ सर्वाधिक इथेच होतो.

ध्वनिमुद्रण आणि कॅमेरा दोन्ही सुरू झाल्याची खात्री झाल्यावर, पाटी लेन्ससमोर फोकसमध्ये आणि उजेडात स्थिर धरून ‘सीन १२, शॉट ३, टेक १’ असे स्पष्ट उच्चारावे, पट्टी एकदाच आपटावी, क्षणभर तशीच थांबवावी आणि मग फ्रेमबाहेर जाऊन शांत उभे राहावे. पाटी कलावंताच्या चेहऱ्याजवळ असेल तर पट्टी हलकेच मिटवावी. रडण्याच्या तयारीत असलेल्या अभिनेत्रीच्या नाकासमोर मोठा आवाज करणे हा तिच्या कामाचा अनादर आहे, असे मला मनापासून वाटते. पहिला क्लॅप फ्रेमबाहेर गेला असेल, तर ‘सेकंड क्लॅप’ असे सांगून मगच पुन्हा द्यावा, नाहीतर दोन आवाजांपैकी खरा कोणता हे संकलकाला कळत नाही.

ध्वनीविना शॉट असेल तर पट्ट्यांमध्ये बोटे घालून पाटी दाखवावी, म्हणजे नसलेला आवाज कोणी शोधत बसणार नाही. सुरुवातीला क्लॅप देणे शक्य नसेल, तर ‘कट’ होण्यापूर्वी शेवटी पाटी उलटी धरून ‘एंड क्लॅप’ द्यावा. मात्र हे दिग्दर्शकाला आणि कॅमेरामनला आधीच सांगून ठेवावे, कारण सवयीने कॅमेरा लगेच बंद केला जातो आणि क्लॅप राहून जातो.