भाताची मुळं अभ्यासायची, तर आधी ती धुवायला शिका

"कुंडी उलटी करा आणि मुळं नळाखाली धुवा" असं सांगणाऱ्याने मुळं कधी मोजलेली नसतात, हे मी पैजेवर सांगतो. ठाण्यात आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सहा हंगाम मी भात लावला, पण तांदळासाठी नव्हे. पाणी तुटलं, साचलं किंवा खारट झालं की मुळं काय करतात, ते बघायचं होतं.

कुंडी नकोच, ती मुळांना खोल जाऊच देत नाही. ४ इंची पीव्हीसी पाइपचे ३ फुटी तुकडे उभे चिरून आणा, तारेने पुन्हा बांधा आणि आत लांब प्लास्टिक पिशवी घाला. पाणी साचवायच्या पाइपांत पिशवीचा तळ बंद, बाकीच्यांत भोकं. माती मुरबाडकडच्या खाचरातली आणा, पण तिच्यात एक तृतीयांश वाळू मिसळा. नुसती चिकण माती सुकली की भिंतीपासून सुटते, मुळं त्या फटीतून सरळ खाली उतरतात आणि आपण 'कोरड्यात मुळं खोल गेली' म्हणून खूश! पाऊस पूर्ण सरल्यावरच सुरू करा आणि पाइपांना ओलं गोणपाट गुंडाळा, नाहीतर ऑक्टोबरच्या उन्हात मुळं उकडतील.

नेहमीचं ओलं, साचवलेलं, कोरडं आणि खारट, असे चार प्रकार, प्रत्येकी चार पाइप. सोळा पाइप म्हणजे सेक्रेटरींची परवानगी आलीच. रोप चार आठवड्यांचं झालं की ताण द्यायला लागा. मीठ लिटरला २ ग्रॅम पुरे, तेही आठवडाभरात हळूहळू वाढवत न्या. एकदम ओतलंत तर रोपाला बसलेला धक्काच मोजाल. जमलं तर पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राचं खारं सोसणारं वाण, उदाहरणार्थ पनवेल-३, आणि एखादं कर्जतचं वाण शेजारी शेजारी लावा. तीन आठवड्यांनी पाइप उघडा.

आता धुणं. पहिल्या हंगामात मी नळ जोरात सोडला आणि अर्ध्या तासात मुळं कशी पांढरीशुभ्र! वजन केलं, आकडे लिहिले. मग मोरीच्या जाळीवर केसांसारखा गुंता दिसला. ती बारीक मुळंच होती. वजनात ती नगण्य, पण लांबीचा मोठा हिस्सा त्यांचाच, आणि पाणी शोषायचं कामही बरंचसं तीच करतात. तो हंगाम फुकट गेला.

म्हणून मातीचा दांडा उघडल्यावर आधी सुरीने त्याचे १५-१५ सेंमीचे तुकडे करा. प्रत्येक तुकडा वेगळ्या बादलीत रात्रभर भिजत ठेवा, त्याहून जास्त नको, मुळं कुजायला लागतात. सकाळी बादली हाताने हळू ढवळा, वर तरंगणारं पाणी चाळणीतून ओता, पुन्हा पाणी घाला, पुन्हा ओता. दहा-बारा वेळा तरी. वर पिठाची चाळणी, खाली मैद्याची. एकाच चाळणीवर भागवू नका. माती बोटांनी चोळायचा मोह होतोच. चोळायची नाही, म्हणजे नाही.

चाळणीत काडीकचराही येतो. पांढऱ्या ताटात पाणी घेऊन चिमट्याने निवडा: जिवंत मूळ ओढल्यावर ताणतं, मेलेलं चटकन तुटतं. एका पाइपला माझे तीन तास जातात. यूट्यूबवर हेच दोन मिनिटांत उरकतं!

मोजणी सोपी. ताटाखाली १ सेंमीच्या चौकटींचा कागद ठेवा, मुळं विस्कटून पसरा, उभ्या-आडव्या रेषांना ती किती ठिकाणी छेदतात ते मोजा आणि ०.७९ ने गुणा. लांबी सेंटिमीटरमध्ये मिळते. नंतर ती सुकवून सोनाराच्या काट्यावर तोला. कोरड्या पाइपात एकूण वजन घटलेलं दिसलं तरी घाबरू नका. तिथे तळच्या तुकड्यांचा वाटा किती, तो बघायचा.

साचवलेल्या पाइपातली मुळं तांबूस निघाली तर घासू नका. मूळ भोवती प्राणवायू सोडतं, मातीतलं लोह त्यावर गंजून बसतं, त्याचा तो लेप. त्यातलंच एक जाड मूळ सुकवायच्या आधी, ताजं असतानाच ब्लेडने आडवं कापा आणि भिंगाखाली धरा. आत हवेच्या पोकळ्या दिसतील. कोरड्या पाइपातलंही एक तसंच कापून शेजारी ठेवा.