घरबसल्या रेडिओ कॅरोलाईन कसं ऐकायचं

आधी थोडक्यात. १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये रेडिओ म्हणजे बीबीसी, आणि पॉप गाणी त्यावर मोजूनमापून लागायची. मग रोनन ओ'राहिली नावाच्या आयरिश माणसाने जहाजावर ट्रान्समीटर बसवला, नांगर टाकला सागरी हद्दीबाहेर (तेव्हा ती ३ मैल होती), आणि मार्च १९६४ मध्ये कॅरोलाईन हे पॉप गाण्यांचं रेडिओ स्टेशन सुरू. तिथे ब्रिटिश कायदाच लागू नव्हता, म्हणजे पकडणार कसं? शेवटी ऑगस्ट १९६७ मध्ये कायदा आणून जहाजाला माल, जाहिराती पुरवणंच गुन्हा केलं.

आता ऐकायचं कसं. ॲप आहेच पण त्यात मजा नाही. नेदरलँड्सच्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर उघडा, तो खरा रिसीव्हर आहे, तिकडच्या अँटेनाला जोडलेला, आपण फक्त ब्राउझरमधून काटा फिरवायचा. फ्रिक्वेन्सीच्या खान्यात कॅरोलाईनची ६४८ (किलोहर्ट्झ) टाका, मोड एएम, आवाज दबका वाटला तर बँडविड्थ (ऐकू येणाऱ्या पट्ट्याची रुंदी) थोडी वाढवा. वेळ आपल्याकडची दुपार उलटून गेल्यावरची धरा, म्हणजे तिकडे उजेड असतो. अंधार पडला की मीडियम वेव्हवर लांबलांबची स्टेशनं मिसळतात आणि नुसती खिचडी होते. मागे सूं-सूं, खरखर येणारच, लगेच बंद करू नका!

आता हे लायसन्सवालं स्टेशन आहे, ट्रान्समीटर जमिनीवर. रॉस रिव्हेंज हे त्यांचं जुनं जहाज मात्र एसेक्समध्ये ब्लॅकवॉटर नदीत उभं आहे, आणि त्यावरूनही अधूनमधून कार्यक्रम होतात, ते नक्की पकडा.