ठोकळ्यांचं शिडाचं लढाऊ जहाज: आधी रुंदी ठरवा

लेगोच्या ठोकळ्यांचं शिडाचं लढाऊ जहाज करायचं असेल, तर नाळेपासून, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकापासून, सुरुवात करू नका, आधी मधली रुंदी ठरवा. १७६५ साली पाण्यात उतरलेलं १०४ तोफांचं ब्रिटिश नौदलाचं ‘व्हिक्टरी’ घ्या: तोफांच्या डेकची लांबी १८६ फूट, रुंदी सुमारे ५२. म्हणजे रुंदीच्या साडेतीनपटीहून थोडी जास्त लांबी. रुंदी १५ गुंड्यांची (गुंडी म्हणजे ठोकळ्यावरचा गोल उंचवटा) धरली, तर लांबी ५४ च्या आसपास येते. रुंदी विषमच ठेवा, म्हणजे डोलकाठी बरोबर मधल्या गुंडीवर बसते.

खरी गंमत बाजूंची. त्या उभ्या रचत बसू नका. तोफांच्या खिडक्यांसकट जमिनीवर आडव्या जोडा आणि मग बिजागरीच्या तुकड्यांवर सांगाड्याला अडकवा. वरचा भाग किंचित आत झुकवला की जहाजाला लगेच रुबाब येतो. माप जुळायला एक हिशेब पुरतो: एकावर एक रचलेल्या लेगोच्या पाच चपट्या पट्ट्यांची उंची १६ मिलिमीटर, दोन गुंड्यांची रुंदीही तेवढीच.

दोरखंडांसाठी सुती दोरा नको. नागपुरात उन्हाळाभर कूलर चालतो. त्या दमट हवेत सुती दोरा आखडतो आणि प्लास्टिकच्या डोलकाठ्या वाकवतो. इतवारीतून पॉलिस्टरचा शिलाईचा दोरा आणा. दोन्ही बाजूंचे दोर आळीपाळीने, थोडे थोडे ताणा. शिडं मात्र सुतीच बरी, खळ घालून कडक केलेली.

आणि जहाज खिडकीत मांडू नका. आपल्या मे महिन्याच्या उन्हात पांढरे ठोकळे पिवळे पडतात.