गाडीच्या सीटचे जाम झालेले बोल्ट काढताय? या चुका टाळा

सोलापूरची हवा कोरडी, मग सीटचे बोल्ट गंजतात कसे, असा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो. पाणी आतच असतं. वॉशिंग सेंटरवर पोरं मॅट काढून थेट फवारा मारतात. एसीचं पाणी बाहेर सोडणारी नळी धूळ-मातीने तुंबली की तेच पाणी पायाशी मुरत राहतं. वरची मॅट वाळते, खालचा गालिचा आठवडाभर ओला. फोम बदलायला किंवा कव्हर शिवायला सीट काढायची वेळ येते, तेव्हा हे सगळं कळतं.

पाना हातात घेण्याआधीच पहिली चूक होते. सीट बटणावर सरकणारी असेल आणि बॅटरी आधीच काढली, तर सीट आहे तिथेच अडकते. म्हणून आधी सीट पूर्ण मागे घेऊन पुढचे दोन बोल्ट ढिले करा, मग पुढे घेऊन मागचे. त्यानंतर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची आणि निदान दहा मिनिटं थांबायचं. कारण सीटखालची पिवळी जोडणी ही एअरबॅगची किंवा बेल्ट ताणणाऱ्या यंत्रणेची असते. तिला बॅटरी चालू असताना हात लावायचा नाही.

आता मूळ दुखण्याकडे. माझ्या मते बोल्ट गंजामुळे कमी आणि चुकीच्या गोटीमुळे (सॉकेटमुळे) जास्त वाया जातात, तेही पहिल्या अर्ध्या मिनिटात. बारा कोपऱ्यांची गोटी पटकन बसते, पण जोर फक्त कोपऱ्यांच्या टोकांवर घेते. जाम बोल्टाचं डोकं तिनेच गोल होतं. सहा कोपऱ्यांचीच गोटी घ्या. बऱ्याच जपानी धाटणीच्या गाड्यांत 14 मिलिमीटरची लागते, पण अंदाजावर जाऊ नका, लावून बघा. युरोपीय गाड्यांत बहुधा स्टार खाचेचा बोल्ट असतो. तिथे टी-50 मापाच्या खाचेत एक माप लहान, म्हणजे टी-45 ची बिट (खाचेत बसणारं पान्याचं टोक) आरामात जाते आणि जोर लावला की खाच खाऊन टाकते. शिवाय त्या खाचेत काय काय दडपलेलं असतं! वाळू, बिस्किटाचा चुरा, आपल्याकडे तर शेंगाचटणीसुद्धा. खिळ्याने कोरून, फुंकर मारून बिट तळापर्यंत बसवा, हातोडीने दोन हलके ठोके द्या. त्या ठोक्यांनी आट्यातला गंजही थोडा सुटतो.

सीट ज्यावर सरकते त्या रुळाच्या टोकावरचं प्लॅस्टिक झाकण चौफुली स्क्रूने बसवलेलं असेल, तर स्क्रूच्या डोक्यावर बारीक ठिपका आहे का बघा. तो जपानी मापाचा स्क्रू. साधा फिलिप्स (चौफुली) स्क्रूड्रायव्हर त्यातून उसळून बाहेर येतो आणि खाच घासतो.

तेल वरून मारून लगेच गोटीचा दांडा लावून जोर करणं ही सर्वांची आवडती चूक. बोल्ट खालच्या पत्र्याला वेल्ड केलेल्या नटमध्ये जातो, आणि बऱ्याच गाड्यांत त्या आट्याचं टोक गाडीखाली उघडं असतं. चिखल तिथेच बसतो. तिथे ब्रश मारून गंज सोडवणारा स्प्रे द्या आणि रात्रभर राहू द्या. पाच मिनिटांत चमत्कार होत नाही.

दांडा लांब घ्या, झटका नको. एक तळहात गोटीवर दाबून ठेवा. ‘टक्’ असा आवाज येऊन सुटला तर उत्तम. रबर पिळल्यासारखं मऊ वाटलं तर थांबा, बोल्ट पिळवटतोय. थोडा घट्ट करा, मग ढिला करा, तेल द्या, पुन्हा तेच. पूर्ण लांबीभर कडक जात असेल, तर कंपनीने आट्याला लावलेलं लॉकिंगचं रसायन असू शकतं. त्याला तेल नाही, उष्णता लागते. पण गॅसची बत्ती अजिबात नको: खाली फोम, बाजूला एअरबॅग, आणि बऱ्याच गाड्यांत मागच्या सीटखालीच पेट्रोलची टाकी. मोठं सोल्डरिंग आयर्न बोल्टच्या डोक्यावर धरलं तरी बऱ्याचदा काम भागतं.

बोल्ट फिरतोय पण वर येत नाही? बहुधा खालच्या नटचं वेल्ड तुटलं आहे. वरून कितीही फिरवा, उपयोग नाही. कुणाला तरी खाली पाठवून नट पान्याने धरावा लागतो. डोकं पूर्ण गोल झालं असेल तर व्हाइस ग्रिप (पकडून लॉक होणारी पक्कड) लावून बघा. तीही सुटली तर डोक्यावर नट वेल्ड करून फिरवणं हा खात्रीचा उपाय, पण तो आधी सीटची वायरिंग सोडवून, गालिचा बाजूला करून, जाणकाराच्या हातूनच. यंत्रमागाचं गाव असल्याने वेल्डिंगवाला किंवा लेथवाला शोधायला इथे फार फिरावं लागत नाही.

परत बसवताना हार्डवेअरच्या दुकानातला कुठलाही बोल्ट घालू नका. डोक्यावर 8.8 किंवा 10.9 लिहिलेलं असतं, तीच ताकद हवी. 10 मिलिमीटरच्या बोल्टच्या आट्यांमधलं अंतरही 1.25 आणि 1.5 मिलिमीटर असं वेगळं मिळतं. बेल्टचा बोल्ट तर बऱ्याचदा 7/16 इंची असतो, मिलिमीटरचा त्यात जबरदस्तीने घुसवला की आटे गेले. पहिले चार-पाच फेरे बोटांनीच फिरवा. बॅटरी सर्वात शेवटी जोडा. पिवळी जोडणी लावायच्या आधी चावी फिरवली तर एअरबॅगचा दिवा पेटतो आणि तो विझवायला स्कॅनरवाल्याकडे जावं लागतं.