प्रचारात मॅकियाव्हेली, ॲरिस्टॉटल आणि कौटिल्य वापरताना या चुका टाळा

इटालियन मुत्सद्दी मॅकियाव्हेलीने 'द प्रिन्स' हे पुस्तक १५१३ मध्ये लिहिलं. राज्य हाती आल्यावर टिकवायचं कसं, हा त्याचा मुख्य प्रश्न. मतं मागण्याचा नव्हे. प्रचाराच्या वॉररूममध्ये मात्र एवढंच फिरतं: प्रेमापेक्षा धाक बरा. त्याच सतराव्या प्रकरणातली अट गळून पडते: धाक बसवा, पण द्वेष ओढवून घेऊ नका. गुरकावणाऱ्या भाषणाला टाळ्या पडतात त्या आपल्याच कार्यकर्त्यांच्या. कुंपणावरचा मतदार सरकतो पलीकडे. निवडणुकीला जवळचं प्रकरण खरं तर नववं. बड्यांच्या आधारे वर आलेल्यापेक्षा लोकांच्या आधारे आलेल्याचं आसन पक्कं, असं तिथे म्हटलंय.

सगळ्यात महागात पडते ती भीतीची चूक. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल 'ऱ्हेटोरिक' या वक्तृत्वावरच्या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात सांगतो की भ्यालेला माणूस उपाय शोधू लागतो, पण सुटकेची थोडी तरी आशा असेल तरच. ती नसेल तर तो हातपाय गाळतो, म्हणजे मतदानाच्या दिवशी घरीच बसतो. म्हणून पत्रकात संकट एका ओळीत उरका. लगेच खाली उपाय, तो कोण करणार आणि कधीपर्यंत, हे लिहा. पत्रक प्रचाराबाहेरच्या पाच जणांना वाचायला द्या आणि दुसऱ्या दिवशी विचारा, काय आठवतं? नुसतं संकट आठवत असेल तर पत्रक पुन्हा लिहा.

त्याच ग्रंथात भाषणाचे तीन प्रकार आहेत. न्यायालयातलं भूतकाळाबद्दल, स्तुती-निंदेचं मुख्यतः वर्तमानाबद्दल, सभेतलं भविष्याबद्दल. उमेदवार सभेत उभा राहून खटला चालवतो, तिथे गडबड होते. भाषणातली क्रियापदं अधोरेखित करा. निम्म्याहून जास्त भूतकाळी निघाली तर कात्री लावा.

'साम-दाम-दंड-भेद' सगळ्यांच्या तोंडी असतं. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त शब्द 'दान' आहे, क्रम साम, दान, भेद, दंड; दंड शेवटी. शिवाय हे उपाय राजाचे. मतदारावर 'दाम' लावला तर ती सरळ लाच, बहुतेक लोकशाही देशांत गुन्हा. नाराज इच्छुकांना समजावायला साम मात्र आजही उत्तम.

इ.स.पू. ६४ मधली, क्विंटस सिसेरोच्या (रोमन वक्ता सिसेरोच्या भावाच्या) नावावर असलेली प्रचारपुस्तिका (लेखक तोच का, यावर वाद आहे) म्हणते, नकारापेक्षा लोकांना खोटं चालतं. रोममध्ये हे खपलंही असेल. आता दोन वस्त्यांना दिलेली दोन परस्परविरोधी आश्वासनं संध्याकाळपर्यंत एकाच व्हॉट्सॲप ग्रुपवर येतात. प्रत्येक आश्वासन तारीख आणि ठिकाणासह एकाच तक्त्यात नोंदवा, आणि पुढच्या सभेला निघण्यापूर्वी तो उमेदवाराच्या हातात द्या.